तिसरा खण

आर्डिस क्वामेच्या टेबलाचा तिसरा खण उघडत नाही.
किल्ल्या देताना ती म्हणाली होती,
"खालून गुडघ्यानं ढकल, मग वर उचल."
अडतीस वर्षं तिनं तो असाच उघडला,
दुरुस्तीचा अर्ज एकदाही केला नाही.

आत सुईत ओवून ठेवलेला काळा दोरा,
भाषणाच्या पाच मिनिटं आधी तुटणाऱ्या बटणांसाठी.
खोकल्याच्या गोळ्या.
कुणाचा तरी दुधाचा दात पाकिटात,
वर तारीख आहे, नाव नाही.
आणि चौथ्या नंबरच्या रिबिनींचा गठ्ठा.
पहिल्या तीन नंबरांच्या मुलं घरी नेतात,
चौथी गोठ्यातल्या भुशात टाकून जातात.
जत्रा उठली की ही त्या वेचायची,
धुवायची, इस्त्री करायची.
"मागायला येतात नंतर," म्हणायची.

मी आले होते.

अडखळायचे मी बोलताना. 'ब'वर तर गाडं रुतायचंच,
आणि मला प्रात्यक्षिक द्यायचं होतं ब्रेडचं.
ती शेवटच्या रांगेत बसली,
मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं.
पीठ फुगायला लागतो तेवढा वेळ
मला तो एक शब्द फुगवायला लागला.
परीक्षक कागद चाळत राहिले.
नंतर तिनं पाठ थोपटली नाही.
एक तुकडा चावून खाल्ला, म्हणाली,
"मीठ विसरलीस."
त्या रात्री मी पहिल्यांदा घरी
न थांबता भांडले.

मंगळवारी रात्री शाळेच्या तळघरात मोठ्यांचा वर्ग भरे.
लाओसच्या डोंगरांतून विस्कॉन्सिनच्या बर्फात आलेल्या म्हाताऱ्या
बालवाडीच्या खुर्च्यांत गुडघे मुडपून
सही शिकत.
पाकू लोरच्या आजीनं पहिली सही
कापडावर केली, टाक्यांनी.
पेन घसरतं म्हणे, सुई घसरत नाही.
आर्डिसनं ते कापड बँकेच्या अर्जाला टाचलं.
बँकेनं परत पाठवलं.
तिनं पुन्हा पाठवलं.

दर डिसेंबरात वरून फॉर्म यायचा:
यंदा किती मुलांपर्यंत पोहोचलात?
कपाटात सगळ्या प्रती आहेत. तिचे पेन्सिलीतले आकडे,
खोडलेले, परत लिहिलेले.
एका सालच्या चौकटीत नुसतं भोक आहे,
खोडरबरानं पडलेलं.
लायल ब्रेकस्टाडचा ट्रॅक्टर उतारावर उलटला, ते साल.
सोळाचा होता.
सुरक्षेचा वर्ग तिनंच घेतलेला,
प्रमाणपत्रावर सही तिची.
त्यानंतर दर वर्गाला पहिला तासभर
ती कुणालाच सीटवर चढू द्यायची नाही.
नुसतं भोवती फिरा, हात लावून बघा.
पोरं कंटाळायची.
"कंटाळू देत," म्हणायची,
आणि स्वतः चाकाला हात लावून उभी राहायची,
जरा जास्तच वेळ.

निरोपाचा कार्यक्रम जत्रेच्या मांडवात ठेवला होता.
केक, कमिशनरसाहेब, तीन भाषणं.
चौथ्या भाषणाआधी लक्षात आलं, खुर्ची रिकामी आहे.

सापडली मागे, धुण्याच्या हौदापाशी.
पाकूची कालवड चारी पाय रोवून उभी,
पाकू दावं ओढून ओढून रडकुंडीला आलेली.
"ओढू नकोस," आर्डिस सांगत होती,
"ती तुझ्याहून तीनशे किलोंनी जड आहे,
हे तिला अजून कळलेलं नाही.
कळू देऊ नकोस.
दावं सैल धर. खांद्याशी उभी राहा तिच्या.
आणि तिच्याकडे बघू नकोस,
जिकडे जायचंय तिकडे बघ."

तिघी उभ्या राहिल्या.
माश्या घोंगावत होत्या. मांडवातून माइकवर
तिचं नाव पुकारलं गेलं, चुकीच्या उच्चारानं, मग बरोबर.
कालवडीनं एक कान फिरवला. बस, तेवढंच.

तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा आर्डिस
माझ्याकडे मान न वळवता म्हणाली,
"जा, सांग त्यांना, कापा केक.
आम्हांला वेळ लागेल."